कपकेक लायनरवर हवेचा विरोध कसा मोजायचा: मोबाइलचा व्हिडिओ आणि स्प्रेडशीटचे ग्राफ

खाली पडणाऱ्या वस्तूचं शाळेतलं बहुतेक गणित ‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’ असं म्हणून सुरू होतं. इथे आपण नेमका तो दुर्लक्षित भाग मोजणार आहोत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कागदी लायनर, मोबाइल, मोजपट्टी आणि स्प्रेडशीट एवढ्यात काम होतं. शेवटी दोन गोष्टी हाती येतील. एक, वेग वाढला की विरोध कोणत्या नियमानं वाढतो. दुसरी, त्या लायनरचा ड्रॅग गुणांक, म्हणजे त्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारी संख्या. हवेचे आकडे इंदूरचे घेतले आहेत. बडोदा किंवा ग्वाल्हेरला प्रयोग केलात तर कुठे काय बदलायचं तेही पुढे आहे.

वस्तू कोणती घ्यायची

नवशिके बहुतेक वेळा चेंडू उचलतात, आणि चेंडू या कामाला सर्वांत निरुपयोगी. क्रिकेटचा चेंडू २ मीटरवरून सोडला तर जमिनीवर पोचताना त्याचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास असतो. त्या वेगालाही हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच जातो. एकूण वेळेत फरक पडतो एक-दोन मिलिसेकंदांचा. सेकंदाला ३० फ्रेमच्या गतीला मोबाइलच्या दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद असतात, त्यामुळे तो फरक दिसणारच नाही. टेबल टेनिसचा चेंडू बरा, पण त्याचा वेग स्थिर व्हायला १५ मीटरपेक्षा जास्त उंची लागते. फुगाही नको. त्याच्यावर हवेचं प्लावक (वर ढकलणारं) बल आणि भोवतालच्या हवेचं वस्तुमान यांचा इतका परिणाम होतो की नवख्या माणसाला काहीच वेगळं करता येत नाही.

कपकेक किंवा मफिनचे कागदी लायनर उत्तम. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आत, पसरट, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकात एक घट्ट बसतात. चार लायनर एकात एक बसवले की वजन चौपट होतं, आकार मात्र जवळजवळ तोच राहतो. आकार तोच ठेवून फक्त वजन बदलता येणं, यावरच हा सगळा प्रयोग उभा आहे. इंदुरात बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत शंभराचं पाकीट मिळतं. साधे, चुण्या असलेले कागदी घ्या. चकचकीत फॉइलचे घेऊ नका, ते बोट लागताच वाकतात. पोह्यांचे कागदी द्रोण चालतात का? चालतात, पण ते जड असतात आणि जास्त उंची मागतात. पानांचे द्रोण नकोत, प्रत्येकाचं वजन वेगळं.

वजन आणि माप

स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. त्यावर एक लायनर ठेवलात तर शून्यच दिसेल. शंभरच्या शंभर एकदम ठेवा आणि आलेला आकडा शंभरानं भागा. एकूण ४० ग्रॅम भरले तर एकाचं ०.४० ग्रॅम, आणि चूक सव्वा टक्क्याच्या आत. सराफ्यात ओळखीचे कोणी असतील तर त्यांच्या काट्यावर दहाच लायनर पुरतात, कारण तो ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचतो. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, म्हणून ज्या दिवशी प्रयोग त्याच दिवशी वजन करा.

व्यास वरच्या काठाचा मोजा, तोही न दाबता, टेबलावर मोकळा ठेवून. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या. पुढच्या उदाहरणात तो ७ सेंटिमीटर धरला आहे. म्हणजे त्रिज्या ०.०३५ मीटर आणि क्षेत्रफळ ०.००३८५ चौरस मीटर.

खोली आणि कॅमेरा

पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. पंखा बंद केल्यावर हवा लगेच थांबत नाही, निदान दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. गच्चीवर प्रयोग करू नका. एका लायनरचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत असतो, त्यामुळे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूकही त्याला बाजूला नेते.

लायनर ज्या रेषेत पडणार, त्याच्या मागे गडद रंगाची साधी भिंत किंवा चादर असू द्या. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर पक्का, उभा, भिंतीपासून ३ मीटरवर. उंची अशी ठेवा की पडण्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा मध्य लेन्ससमोर येईल. मोजमाप तिथेच करायचं आहे. वाइड लेन्स वापरू नका, कडांना चित्र ताणलं जातं. फोकस आणि एक्स्पोजर बोटानं दाबून लॉक करा. गती ६० फ्रेम निवडा. उजेड भरपूर हवा. अंधुक खोलीत कॅमेरा प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि लायनरच्या जागी चार-पाच सेंटिमीटरचा पांढरा पट्टा उमटतो.

आता सगळ्यांत जास्त लोकांना फसवणारी गोष्ट. मोजपट्टी भिंतीला चिकटवायची आणि लायनर भिंतीपासून वीतभर पुढे सोडायचा, असं केलंत तर मोजमाप चुकलंच. कॅमेरा भिंतीपासून ३ मीटरवर आणि लायनर भिंतीच्या २० सेंटिमीटर पुढे असेल तर लायनर कॅमेऱ्याला जास्त जवळ आहे. त्याचं प्रत्येक अंतर ७ टक्के मोठं दिसतं. वेग ७ टक्क्यांनी वाढतो, वेगाचा वर्ग १५ टक्क्यांनी. म्हणून मोजपट्टी पडण्याच्याच प्रतलात हवी. एक मीटरची लाकडी पट्टी किंवा दोन ठळक खुणा केलेली काठी लायनरच्या रेषेत उभी धरा, पाच सेकंद व्हिडिओ घ्या आणि मग कॅमेरा न हलवता काठी बाजूला करून प्रयोग सुरू करा.

आधी रबरी चेंडू सोडा

चेंडू निरुपयोगी म्हटला तो हवेचा विरोध मोजायला. मांडणी तपासायला तोच हवा. लायनर जिथून सोडणार तिथून रबरी चेंडू सोडा, खाली सांगितल्याप्रमाणे वेळ आणि अंतराचे आकडे काढा, ग्राफवर दुसऱ्या घाताची बहुपदी ट्रेंडलाइन (शीटनं बिंदूंमधून काढलेली रेषा) टाका. वेळेच्या वर्गाचा सहगुणक ४.९ च्या आसपास आला पाहिजे, कारण तो गुरुत्वत्वरणाच्या निम्मा असतो. ४.८ ते ५.० आला तर पुढे जा. ५.२ आला तर मोजपट्टी मागे राहिली आहे. ०.०७७ सारखा काहीतरी आला तर स्लो मोशनचा घोळ आहे. २४० फ्रेमनं घेतलेला व्हिडिओ फाइलमध्ये ३० च्या गतीनं साठवला जातो, वेळ आठपट ताणली जाते आणि त्वरण चौसष्टपट कमी येतं.

मोबाइलची फ्रेमगती छापल्याप्रमाणे असतेच असंही नाही. कमी उजेडात बरेच फोन ती गुपचूप खाली आणतात. दुसऱ्या फोनवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावून त्याचा दहा सेकंद व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. ६०० च्या जागी ५४० निघाल्या तर वेळेच्या रकान्यात १/६० न टाकता १/५४ टाका.

लायनर सोडण्याची रीत

तळ खाली, तोंड वर. लायनरच्या आतून तळाची मधली चुणी चिमट्यानं धरा आणि चिमटा उघडा. काठाला बोटांनी धरून सोडलं तर एक बोट आधी सुटतं आणि लायनर तिरका निघतो. तिरका निघालेल्या, डुलत गेलेल्या किंवा बाजूला सरकलेल्या लायनरचा एकही आकडा शीटमध्ये घेऊ नका. तो वेगळ्याच आकाराचा प्रयोग झाला.

थर लावताना एकात एक नीट दाबून बसवा. मध्ये फट राहिली तर काठ फुलतो, क्षेत्रफळ वाढतं आणि वजनासोबत आकारही बदलतो. सगळ्यांत बाहेरचा, म्हणजे हवेला भिडणारा लायनर प्रत्येक वेळी तोच ठेवा.

उंची किती? वेग स्थिर व्हायला काही अंतर लागतं आणि ते वजनाच्या प्रमाणात वाढतं. वर धरलेल्या मापाचा एक लायनर अर्ध्या मीटरच्या थोडं पुढे आपल्या कमाल वेगाच्या ९९ टक्क्यांना पोचतो. चार थरांना जवळजवळ १.८ मीटर लागतात, सहा थरांना अडीच मीटरच्या वर. घरातल्या छताला स्टुलावर उभं राहून हात वर केला की २.६ मीटर मिळतात, म्हणजे चार थरांपर्यंतची सोय झाली. त्यापुढे जायचं तर जिन्याची मोकळी जागा शोधा आणि कठड्यावरून वाकायचं काम मोठ्या माणसाकडे द्या.

एक, दोन, तीन आणि चार थर, प्रत्येकाचे पाच चांगले व्हिडिओ घ्या.

फ्रेममधून आकडे

ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे. व्हिडिओ उघडा, फ्रेमगती खरी आहे का बघा, कॅलिब्रेशनची काठी व्हिडिओतल्या एक मीटरच्या पट्टीवर बसवा, अक्ष असे फिरवा की खालची दिशा धन येईल. मग नवा पॉइंट मास घेऊन शिफ्ट दाबून प्रत्येक फ्रेममध्ये लायनरच्या तळाच्या मध्यावर क्लिक करत जा. कायम तळच धरा. एकदा तळ आणि एकदा काठ धरलात तर अंतरात तीन-चार सेंटिमीटरची उडी येते.

संगणक जुना असेल तर व्हीएलसीमध्ये ‘ई’ कळ दाबून एकेक फ्रेम पुढे न्या आणि स्क्रीनवर पारदर्शक पट्टी ठेवून मिलिमीटर वाचा. एक मीटरच्या पट्टीची लांबी स्क्रीनवर किती आहे त्यावरून प्रमाण काढा. वेळखाऊ आहे, पण आकडे ट्रॅकरच्या तोडीचे येतात.

शीट मांडणं

गूगल शीट्स, एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, काहीही चालेल. इथे सूत्रं देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये रकान्यांची अक्षरं, फंक्शनची नावं आणि अंक इंग्रजी लिपीतच टाका.

ए रकान्यात वेळ सेकंदांत, बी रकान्यात खाली आलेलं अंतर मीटरमध्ये. सेंटिमीटर ठेवू नका, पुढे सगळी एककं बिघडतात. बाहेरून चिकटवलेले आकडे चौकटीत डावीकडे सरकलेले दिसले तर शीट त्यांना मजकूर समजते आहे. ते अंकांत बदलल्याशिवाय कोणतंच सूत्र चालणार नाही.

ग्राफ काढताना स्कॅटर चार्ट निवडा. लाइन चार्ट निवडला की शीट वेळेला नुसतं लेबल समजते आणि सगळे बिंदू सारख्या अंतरावर मांडते. मध्ये दोन फ्रेम गाळल्या असतील तर रेषा तिथे मोडलेली दिसते आणि माणूस त्यात भौतिकशास्त्र शोधत बसतो.

अंतर-वेळ ग्राफ कसा दिसतो ते नीट पाहा. सुरुवातीला वक्र, पुढे सरळ रेष. सरळ भाग म्हणजे वेग वाढायचा थांबला, हवेचा विरोध वजनाएवढा झाला. याच वेगाला अंतिम वेग म्हणतात, वर्गात टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणतात तोच. ग्राफवर डोळ्यांनी सरळ भाग ठरवा आणि फक्त तेवढ्या ओळींचा उतार काढा:

=स्लोप(बी२०:बी४०,ए२०:ए४०)

अंतर आधी, वेळ नंतर. उलट टाकलंत तर १.४४ च्या जागी ०.६९ येतं, आणि तो आकडाही खराच वाटतो, म्हणून चूक सापडत नाही.

सरळ भाग खरंच सरळ आहे का, हे तपासायला त्याच ओळींचे दोन तुकडे करून दोन उतार काढा. खालच्या तुकड्याचा उतार वरच्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त असेल तर वेग अजून वाढतो आहे. उंची कमी पडली.

त्वरणाच्या मागे लागू नका

इथे बरेच जण वाट चुकतात. अंतरातून वेग, वेगातून त्वरण, त्वरणातून बल, असा सरळ मार्ग कागदावर छान दिसतो. शीटमध्ये तो कोसळतो. समजा प्रत्येक क्लिकमध्ये २ मिलिमीटरची चूक आहे, जी कोणाचीही होते. ३० फ्रेमच्या व्हिडिओत शेजारच्या तीन बिंदूंवरून त्वरण काढलं तर त्यात ४.४ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी डगमग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मी. ६० फ्रेमला ती चौपट, साडेसतराच्या वर. २४० फ्रेमला २८०. फ्रेम वाढवल्या की ग्राफ सुधारेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात त्वरणाचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा होतो. कारण साधं आहे. वेळेचं अंतर भागाकारात दोनदा येतं, आणि ते जितकं लहान तितकी चूक फुगते.

वेगाचा ग्राफ हवाच असेल तर नऊ-नऊ बिंदूंचा उतार काढा. सहाव्या ओळीत =स्लोप(बी२:बी१०,ए२:ए१०) लिहा आणि खाली ओढा. सुरुवातीचा कोपरा त्यात थोडा गोल होतो, पण वेग वाढत जाऊन सपाट होतो ते स्वच्छ दिसतं. पुढची सगळी मोजणी मात्र सरळ भागाच्या उतारावरच करायची.

थर आणि वेग: खरा ग्राफ हा

नवं शीट घ्या. पहिल्या रकान्यात थरांची संख्या, दुसऱ्यात पाच वेळांच्या अंतिम वेगाची सरासरी, तिसऱ्यात वेगाचा वर्ग. ०.४० ग्रॅमच्या, ७ सेंटिमीटरच्या लायनरसाठी ड्रॅग गुणांक ०.९ धरून समीकरणातून निघणारे आकडे असे: एक थर १.४४, दोन २.०४, तीन २.४९, चार २.८८ मीटर प्रति सेकंद. वर्ग अनुक्रमे २.०७, ४.१५, ६.२२, ८.३०. तुमचे आकडे वेगळे येतील, ढब हीच असली पाहिजे.

आता दोन ग्राफ शेजारी शेजारी काढा. पहिल्यात थर आणि वेग, दुसऱ्यात थर आणि वेगाचा वर्ग. दोन्हींवर सरळ ट्रेंडलाइन टाका आणि आर-स्क्वेअर (बिंदू रेषेला किती धरून आहेत ते सांगणारा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) दाखवा.

वरच्या आकड्यांनी पहिल्या ग्राफचा आर-स्क्वेअर ०.९९ येतो! नवखा माणूस इथेच थांबतो आणि लिहून टाकतो की वेग थरांच्या प्रमाणात वाढतो. आता त्याच रेषेचा उभ्या अक्षावरचा छेद वाचा: १.०२. म्हणजे शून्य थर, शून्य वजन, आणि तरी सेकंदाला एक मीटर वेगानं खाली पडणार. असं होऊ शकत नाही. शिवाय बिंदू नीट बघितले तर मधले दोन रेषेच्या वर आणि टोकाचे दोन खाली दिसतात, म्हणजे खरा आकार वक्र आहे. चार बिंदूंवर आर-स्क्वेअर ०.९९ येणं ही फार सोपी गोष्ट आहे. त्यापेक्षा छेद बघा, आणि मोजलेला आकडा वजा रेषेवरचा आकडा असा एक रकाना करून त्याचं चिन्ह बघा. चिन्हं उणे, अधिक, अधिक, उणे अशी रांगेत आली की नियम चुकीचा निवडला आहे.

दुसऱ्या ग्राफची रेष शून्याजवळून जाते आणि बिंदू तिच्या दोन्ही बाजूंना विस्कळित पडतात. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तो हा पुरावा. १७१० मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटातून काचेचे पोकळ गोळे सोडून न्यूटनच्या काळच्या लोकांनी हाच नियम पारखला होता. त्यांच्याकडे उंची होती, आपल्याकडे कॅमेरा आहे.

अकरावीत स्टोक्सचा नियम शिकवतात, त्यात विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो. तो इथे लावू नका. तो अगदी सावकाश आणि अगदी लहान वस्तूंसाठी आहे, रेनॉल्ड्स संख्या (वस्तूचा वेग आणि आकार हवेच्या चिकटपणाच्या तुलनेत किती मोठे ते सांगणारी संख्या) एकाच्या खाली असेल तेव्हा. आपल्या लायनरची ती संख्या सहा हजारांच्या आसपास आहे.

दुसऱ्या ग्राफवर काही बिघडलं तर ते कुठे दिसतं? चौथा बिंदू एकटाच रेषेखाली गेला तर त्या थराला उंची पुरली नाही. सगळे बिंदू सरळ रेषेत आहेत, पण छेद ठळकपणे धन किंवा उणे आहे, तर खोलीत हवा अनुक्रमे खाली किंवा वर वाहते आहे. उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीजवळ हे सहज होतं, भिंतीपासून लांब जा. मोजपट्टी चुकली असेल तर रेष शून्यातूनच जाते, फक्त उतार बदलतो. म्हणून ग्राफ सुंदर दिसला तरी चेंडूची चाचणी टाळता येत नाही.

इंदूरच्या हवेची घनता

पुस्तकात हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर असते. ती समुद्रसपाटीवरची, १५ अंश सेल्सिअसची. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे आणि इथला हवेचा खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. घनता काढायची रीत: दाब पास्कलमध्ये घ्या, त्याला २८७ गुणिले केल्विनमधल्या तापमानानं भागा. ३० अंशांना १.०९ येते, हिवाळ्याच्या सकाळी १५ अंशांना १.१५. पुस्तकातला आकडा तसाच वापरला तर उन्हाळ्यात ड्रॅग गुणांकात ११ टक्क्यांची चूक आयती बसते.

हवामानाच्या ॲपवरचा दाब उचलू नका. ॲप इंदुरातही १००५ किंवा १०१० दाखवतं, कारण तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर फायफॉक्स ॲप तुमच्या खोलीतला खरा दाब देतं. पावसाळ्याच्या दमट हवेत घनता आणखी एक-दीड टक्का कमी धरा. ओली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, हे बऱ्याच जणांना उलट वाटतं.

बडोदा समुद्रसपाटीच्या बरंच जवळ आहे, तिथे ३० अंशांना १.१५ धरा. तोच लायनर इंदुरात बडोद्यापेक्षा जवळजवळ ३ टक्के जास्त वेगानं पडतो. ग्वाल्हेर दोन्हींच्या मध्ये. गुरुत्वत्वरण इंदूरला ९.७९ घ्या.

ड्रॅग गुणांक

दुसऱ्या ग्राफच्या ट्रेंडलाइनचा उतार घ्या. उदाहरणात तो २.०७ आहे. मग:

ड्रॅग गुणांक = (२ × एका लायनरचं वस्तुमान × ९.७९) ÷ (घनता × क्षेत्रफळ × उतार)

किलोग्रॅम आणि मीटरमध्ये आकडे घातले की (२ × ०.०००४० × ९.७९) ÷ (१.०९ × ०.००३८५ × २.०७), म्हणजे ०.९०. सपाट चकतीचा गुणांक १.१ ते १.२ असतो, फुगीर बाजू खाली असलेल्या पोकळ अर्धगोलाचा ०.४ च्या आसपास. लायनर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसायला हवा. उत्तर ०.२२ आलं तर त्रिज्येच्या जागी व्यास घातला आहे. ९०० आलं तर वस्तुमान ग्रॅममध्येच राहिलं.

शीटमध्ये पडणं घडवून आणा

हे जमलं की सुरुवातीचा वक्र भागही समजून घेता येतो. विरोधाचा स्थिरांक काढा: वस्तुमान × ९.७९ ÷ उतार, उदाहरणात ०.००१८९. तो एका वेगळ्या चौकटीत ठेवा, वस्तुमान दुसऱ्या, वेळेची पायरी ०.०१ सेकंद तिसऱ्या. सूत्रांत या चौकटींना डॉलरचं चिन्ह लावायचं, नाहीतर सूत्र खाली ओढलं की ती चौकटही खाली सरकते आणि रकाना चुकीच्या आकड्यांनी किंवा त्रुटींनी भरतो.

प्रत्येक ओळीत चार आकडे: वेळ, वेग, अंतर, त्वरण. त्वरण म्हणजे वजन (वस्तुमान × ९.७९) वजा (स्थिरांक × वेगाचा वर्ग), हे सगळं भागिले वस्तुमान. पुढच्या ओळीचा वेग म्हणजे आधीचा वेग अधिक त्वरण × पायरी. अंतर तसंच, आधीचं अंतर अधिक वेग × पायरी.

एका लायनरसाठी भागाकारात नुसतं वस्तुमान घातलं तर मॉडेल मोजलेल्या बिंदूंच्या पुढे पळतं. त्याचं कारण खरं आहे, मोजमापाची चूक नाही. वेग घेताना लायनरला भोवतालची थोडी हवाही सोबत ओढावी लागते. ७ सेंटिमीटरच्या चकतीसाठी ही हवा इंदुरात सुमारे ०.१२ ग्रॅम भरते, चकतीचं सूत्र ८/३ × घनता × त्रिज्येचा घन. ०.४० ग्रॅमच्या लायनरला हा बोजा मोठा आहे. भागाकारात ०.५२ ग्रॅम घाला, वजनात मात्र ०.४० च ठेवा. आता पहिलं त्वरण ७.५ येतं, दुसऱ्या ओळीत वेग ०.०७५ आणि तिसऱ्यात ०.१५०. हे आकडे जुळले तर सूत्रं बरोबर आहेत. अंतिम वेग यानं बदलत नाही, कारण तिथे त्वरणच शून्य असतं.

मोजलेले बिंदू याच ग्राफवर दुसऱ्या रंगात टाका. चिमटा नेमका कोणत्या फ्रेममध्ये उघडला ते एका फ्रेमइतकं अनिश्चित असतं. म्हणून मोजलेल्या वेळेत एक छोटी दुरुस्ती बेरजेनं घालायची मुभा ठेवा, पण ती १/६० सेकंदाहून मोठी लागली तर काठी किंवा फ्रेमगती पुन्हा तपासा. पायरी ०.०१ ची ०.००५ करून वक्र हलतो का तेही एकदा बघून घ्या.

मग स्थिरांकाला हात न लावता फक्त वस्तुमान १.६० ग्रॅम करा, भागाकारात १.७२. चार थरांचा वक्र तयार होईल, एकही नवा आकडा न मोजता. चार थरांचे मोजलेले बिंदू त्यावर ठेवा. ते वक्रावर बसले तर तुमचा स्थिरांक त्या आकाराचाच आहे. शेवटाकडे खाली राहिले तर थरांचा काठ फुलला आहे: व्यास पुन्हा मोजा, थर घट्ट दाबा आणि तेवढेच पाच व्हिडिओ नव्यानं घ्या.